नाणं, नदी आणि पूर्णा जंक्शन

'पूर्णा' हे नाव नकाशात शोधून बघा. एक नाही, चक्क तीन नद्या सापडतात! एक सातपुड्यातून निघून अमरावती-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातून तापीकडे जाते. दुसरी गुजरातेत नवसारीवरून समुद्राला मिळते. आणि तिसरी, आपली मराठवाड्याची, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, साधारण पावणेचारशे किलोमीटर वाहते आणि परभणी जिल्ह्यात कंठेश्वरजवळ गोदावरीत मिसळून जाते. या तिसरीच्याच नावाचं एक तालुक्याचं गाव आहे. बाहेरची माणसं ते एकाच कारणासाठी ओळखतात, ते म्हणजे गाडी बदलायला. मनमाड-सिकंदराबाद लाइनवरून वसमत, हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे जाणारा फाटा इथून फुटतो, म्हणून पूर्णा 'जंक्शन'.

माझं आजोळ पूर्णेचं. आजोबा तिथल्या लोकोशेडमध्ये फिटर होते. त्यामुळे गावाबद्दल लिहायचं डोक्यात बरेच दिवस होतं. पण कोड लिहिणाऱ्या माणसाचं लिखाण असं, की रिलीज संपल्याशिवाय सुरू होत नाही. असो. या शनिवार-रविवारी लॅपटॉपवर ऑफिसचं काही उघडायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा लिहूनच टाकतो.

सुरुवात एका अगदी साध्या गोष्टीपासून करू. परभणी आणि नांदेडच्या मध्ये गाडी नदीवर येते, पुलाचा तो खडखडाट सुरू होतो आणि डब्यात हालचाल होते. कुणीतरी पर्स उघडतं, कुणी खिसा चाचपतं, खिडकीच्या गजांतून एक नाणं खाली जातं आणि हात जोडले जातात. हे तुम्ही पाहिलं असेलच, कदाचित केलंही असेल. गंमत म्हणजे त्याच खिडकीतून पाचच मिनिटांपूर्वी वेफर्सचं रिकामं पाकीट आणि चहाचा कप बाहेर गेलेला असतो! दोन्ही गोष्टी करणारा माणूस बऱ्याचदा एकच. आणि तो ढोंगी असतो असं मला अजिबात वाटत नाही. नाणं टाकताना तो अगदी मनापासून हात जोडत असतो. मग ही दोन कामं एकाच माणसाच्या हातून कशी काय होतात?

नाणं टाकण्यामागे 'विज्ञान' आहे असा एक फॉरवर्ड फिरत असतो. पूर्वी नाणी तांब्याची होती, तांब्याने पाणी शुद्ध होतं, वगैरे. आता एवढ्या मोठ्या वाहत्या नदीत चार तांब्याची नाणी टाकून काय शुद्ध होणार, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. शिवाय आजची रुपया-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत. म्हणजे ते कारण तसंही बाद. माझा आपला एक अंदाज आहे. नदी ओलांडणं ही एकेकाळी मोठी गोष्ट होती. पाणी किती आहे, नाव आहे की नाही, पलीकडे पोचू की नाही, हे सगळं नदीवर अवलंबून असायचं. त्या वेळच्या भीतीची आणि कृतज्ञतेची खूण म्हणजे ते नाणं असावं. प्रवास बदलला, खूण तेवढी राहिली.

हा प्रवास कसा बदलला, ते बघायला पूर्णा परिसराइतकी चांगली जागा नाही. कारण श्रद्धेपोटी झालेला आपल्या इतिहासातला एक फार मोठा पायी प्रवास इथूनच जवळ सुरू होतो.

पूर्णेहून अकोल्याच्या गाडीत बसलं की हिंगोली लागतं. हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नर्सी नावाचं गाव आहे. परंपरेप्रमाणे संत नामदेवांचं हे जन्मगाव, साल १२७०. (जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पंढरपूरचाही दावा आहे. पण नर्सीच्या लोकांसमोर हा विषय काढू नये, हा प्रेमाचा सल्ला!) त्यांच्या घरातल्या जनाबाई गोदावरीकाठच्या गंगाखेडच्या, म्हणजे आपल्याच परभणी जिल्ह्यातल्या. गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढा नागनाथला, तेही इथून जवळच. नामदेव पंढरपुरात वाढले, ज्ञानेश्वरांबरोबर उत्तरेच्या तीर्थयात्रेला गेले आणि पुढे पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला बरीच वर्षं राहिले. हे अंतर आज रस्त्याने दीड-दोन हजार किलोमीटर भरतं. चौदाव्या शतकात ते पायी चाललेलं अंतर आहे.

आता जरा प्रॅक्टिकल विचार करा. एवढं चालणाऱ्या माणसाला लागतं काय? रोज पाणी, दुपारी सावली, रात्री टेकायला जागा. बाकी सगळं नंतर. म्हणूनच की काय, नामदेवांच्या ज्या कथा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या, त्यांत पाणी आणि झाड पुन्हा पुन्हा येतं. मारवाडच्या वाळवंटातली विहिरीची कथा तुम्हाला माहीत असेल. दोघांना तहान लागली आहे, विहीर खोल आहे. ज्ञानेश्वर योगसामर्थ्याने तळाशी जाऊन पाणी पिऊन येतात. नामदेव मात्र देवाचा धावा करतात आणि विहीर भरून काठाबाहेर वाहू लागते. योग मोठा की भक्ती, असा या कथेचा अर्थ कीर्तनकार लावतात, तो बरोबरच आहे. मला मात्र त्यातला फरक वेगळाच दिसतो. पहिल्या पद्धतीत पाणी एकालाच मिळतं. दुसऱ्या पद्धतीत मागून येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला, गुराढोरांनासुद्धा मिळतं.

दुसरी कथा शाळेत ऐकलेली. आई छोट्या नामदेवाला औषधासाठी झाडाची साल आणायला पाठवते. तो कुऱ्हाड चालवतो, झाडातून चीक वाहतो, आणि पोराला वाटतं की याला दुखलं असणार. मग घरी येऊन तो स्वतःच्याच पायावर तसाच घाव घालून बघतो, कसं वाटतं ते. कथा खरी की रचलेली, हा मुद्दाच नाही. ज्या समाजाने ही कथा आपल्या लाडक्या संताच्या नावावर सांगावीशी वाटली म्हणून सांगितली, त्या समाजाला झाडाचं दुखणं कळावं असं वाटत होतं, एवढं तर त्यातून दिसतं.

आणि हे फक्त कथांपुरतं नव्हतं, दगडातही होतं. परभणी जिल्हा बारवांसाठी प्रसिद्ध आहे. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे यादवकालीन मंदिरांचं गाव, तिथे पायऱ्यांची सुंदर पुष्करणी आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तर गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची आहे. वरून बघितलं तर शंखात डोकावल्यासारखं वाटतं. साध्या विहिरीत आणि बारवेत फरक काय? विहिरीला दोर आणि पोहरा लागतो, आणि तो वाटसरूकडे असेलच असं नाही. बारवेत पाणी वर असो की तळाला, तुम्ही पायऱ्या उतरून ओंजळीने पिऊ शकता. पाणी खाली गेलं की पुढच्या पायऱ्या उघड्या पडतात. म्हणजे भूजल किती उतरलं, याचा मीटरच गावाच्या डोळ्यांसमोर! यूजर इंटरफेस म्हणाल तर यापेक्षा चांगला मी तरी बघितलेला नाही. शिवाय भिंतीत देवकोष्ठ, म्हणजे मूर्ती ठेवायचे कोनाडे असतात. देव पाण्याजवळ बसवला की तिथे घाण करायला हात धजत नाही. पाणी जपण्यासाठी देव की देवासाठी पाणी, हा प्रश्न त्या गवंड्याला पडलाच नसावा. त्याच्यासाठी ते एकच काम होतं.

पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी देशभर जी कामं केली, त्यांची यादी बघा. देवळांच्या बरोबरीने घाट, विहिरी, बारवा, कुंड, धर्मशाळा. यात्रेकरू पायी येणार हे गृहीत धरलेलं असल्यामुळे वाट, पाणी आणि देऊळ हे एकच पॅकेज होतं.

आमच्या भाषेत याला 'डिपेंडन्सी' म्हणतात. यात्रा पाण्यावर आणि सावलीवर डिपेंडंट होती, म्हणून ती दोन्ही सांभाळणं यात्रेचाच भाग होता. पुण्य मिळायचं ते वेगळं.

या परिसराची आणखी एक गंमत सांगतो आणि मग रेल्वेकडे वळतो. नामदेव पंजाबात गेले, तिथल्या लोकांच्या बोलीत गायले. १६०४ मध्ये शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांची ६१ पदं घेतली. शंभर वर्षांनी दहावे गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले आणि गोदावरीकाठी नांदेडला थांबले. तिथेच १७०८ मध्ये, देह ठेवण्यापूर्वी, त्यांनी यापुढे ग्रंथच गुरू असेल असं सांगितलं. म्हणजे बघा, नर्सीच्या शिंप्याचे शब्द चालत पंजाबात गेले, तिथे साडेतीनशे-चारशे वर्षं गायले गेले आणि ग्रंथात बसून परत आले, ते नर्सीपासून जेमतेम शंभरेक किलोमीटरवर. तिथे तो ग्रंथ 'गुरू' झाला! नांदेडचं आजचं सचखंड हुजूर साहिब महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतलं. आज नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस पूर्णेवरूनच जाते आणि वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख भाविक प्रवाशांना फुकट लंगर वाढतात. घरून डबा घेऊन या, असं हे अनुभवी प्रवासी एकमेकांना सांगतात. डबा रिकामा बरं का, लंगरचं जेवण घ्यायला!

आता रेल्वे. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटर गेज लाइन १९०० च्या सुमारास झाली आणि हैदराबाद मनमाडशी जोडलं गेलं. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि स्वातंत्र्यानंतर तो अकोला-खांडव्याच्या बाजूने उत्तरेला जोडला गेला. दक्षिण आणि उत्तरेतली मीटर गेजची ती एक महत्त्वाची कडी होती. ज्या वाटेला नामदेवांना महिनोन्‌महिने लागले असतील, ती काही दिवसांवर आली. म्हातारी माणसं, बायका, आजारी माणसं, ज्यांना पायी काशी-रामेश्वर कधीच झालं नसतं, ती यात्रेला जाऊ लागली. हे लहानसहान काम नाही. 'पूर्वीचं सगळं चांगलं' म्हणणाऱ्यांनी पूर्वी यात्रेला निघालेली किती माणसं वाटेत पटकीने गेली, तेही आठवावं.

आणि गंमत अशी, की रेल्वे आली तरी सुरुवातीला पाण्याची डिपेंडन्सी सुटली नव्हती. वाफेचं इंजिन कोळसा खातं, पण त्याहून जास्त पाणी पितं. ठरावीक अंतरावर पाणी भरल्याशिवाय गाडी पुढे जाऊच शकत नाही. आजोबा सांगायचे, "आधी इंजनाला पाजायचं, मंग आपण प्यायचं." उन्हाळ्यात नदी आटली की लोकोशेडमधल्या साहेबापासून खलाशापर्यंत सगळ्यांच्या तोंडी पाण्याचाच विषय. पाणी गढूळ असेल, जास्त क्षार असतील तर बॉयलरमध्ये पुटं चढायची आणि ती काढायचं काम फिटरच्याच नशिबी. म्हणजे नदीची तब्येत कशी आहे, हे आजोबांना नदीवर न जाता, बॉयलर उघडून कळायचं!

मग डिझेल आलं. १९९० च्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज आलं, मीटर गेज आणि वाफेची इंजिनं गेली, २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्गही ब्रॉडगेज झाला. नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं १९६० च्या दशकातच बांधून झाली होती, कालव्यांनी शेती भिजू लागली होती. या प्रत्येक गोष्टीचा फायदा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकेक करत प्रवाशाचा आणि नदीचा संबंध तुटत गेला. आता गाडीला नदीचं पाणी नको, प्रवाशाला बाटली मिळते, पूल अर्ध्या मिनिटात सरतो. नदीत पाणी आहे की वाळू उपसलेले खड्डे आहेत, याने आपल्या प्रवासात काहीच फरक पडत नाही. उरलं ते नाणं.

सॉफ्टवेअरमध्ये असंच होतं. एखाद्या मोड्यूलवर आता कुणी अवलंबून नाही असं वाटलं, की त्याची देखभाल बंद होते. कोड तिथेच असतो, नाव तेच असतं, कधीकधी वरती कॉमेंटमध्ये जुन्या लोकांबद्दल आदरही व्यक्त केलेला असतो. फक्त त्याला कुणी हात लावत नाही. आणि मग एक दिवस कळतं, की सगळी सिस्टिम आतून त्याच्यावरच उभी होती.

मराठवाड्याला तो दिवस एप्रिल २०१६ मध्ये दिसला. लातूरला प्यायला पाणी उरलं नाही आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. ज्या रेल्वेमुळे आपण नदीला विसरू शकलो, तीच रेल्वे वॅगनमध्ये पाणी भरून आली! ते फोटो बघताना मला राहून राहून आजोबांचं वाक्य आठवत होतं. आधी इंजिनाला पाणी लागायचं, आता इंजिन पाणी ओढत होतं.

म्हणून, 'लोकांत श्रद्धा उरली नाही म्हणून नद्या मेल्या' हे मला पटत नाही. श्रद्धा भरपूर आहे, यात्रेला गर्दी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि 'श्रद्धेमुळेच नद्या घाण झाल्या' हेही अर्धवट आहे, कारण शहरांचं सांडपाणी काही कुणी श्रद्धेपोटी सोडत नाही. झालं असं, की श्रद्धा आणि देखभाल यांना एकत्र बांधणारी जी गरज होती, ती प्रवासातून निघून गेली. देव राहिला, बारव बुजली.

मग आता काय? पुन्हा पायी चालू लागा, हे उत्तर नाही. (मी स्वतः हिंजवडी ते वाकडसुद्धा चालत जात नाही.) पण बांधणी पुन्हा करता येते, आणि लोक ती करत आहेत. वालूरची बारव गावकऱ्यांनीच गाळ काढून मोकळी केली. महाराष्ट्र बारव मोहिमेतून गेल्या काही वर्षांत अशा कितीतरी जागा नोंदवल्या गेल्या, साफ झाल्या. महाशिवरात्रीला बारवांत दिवे लावायची पद्धत पुन्हा सुरू झाली. त्यातली हुशारी लक्षात घ्या. दिवे लावायचे तर आधी काटेरी झुडपं काढावी लागतात, कचरा उचलावा लागतो. सणाने देखभाल परत आणली! पंढरीच्या वारीतही गेल्या दहाएक वर्षांपासून 'निर्मल वारी'चे स्वयंसेवक मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं लावतात. शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी-गंगाखेडवरून पंढरपूरला जाते, तिची शिस्त बघायला तर मुद्दाम जावं.

आणि प्रश्न आता नाशिकलाही उभा आहे, म्हणजे याच गोदावरीच्या वरच्या अंगाला. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारायचं म्हणून झाडं तोडायचा प्रस्ताव आला, आणि २०२५ च्या अखेरीस नाशिककर त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. बातम्यांत ते 'धर्म विरुद्ध पर्यावरण' असं रंगवलं गेलं. मला ते भांडण खोटं वाटतं. तपोवन या नावातच दोन्ही आहेत, तपही आणि वनही. साधूंना सावली लागतेच, आणि झाडावर घाव घालून दुखलं का ते स्वतःच्या पायावर तपासणाऱ्या पोराला आपणच संत म्हटलंय ना?

एक सुचवतो. लाँग वीकएंडला लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा कधीतरी रात्रीची नांदेडकडे जाणारी गाडी पकडा. पूर्णेला उतरा, कंठेश्वरला जाऊन दोन नद्या एकमेकींत मिसळताना बघा. तिथून औंढा, मग नर्सी, आणि शेवटी नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर. दोन दिवसांत आरामात होतं. जाताना चारठाण्याची वाट वाकडी केलीत तर उत्तमच. शक्य झालं तर उन्हाळ्यात जा, पावसाळ्यात सगळ्याच नद्या सुंदर दिसतात.

बारवेत उतरलात तर पाणी कितव्या पायरीवर आहे ते मोजून या. पुढच्या वर्षी पुन्हा जाल तेव्हा तुलना करता येईल.